तीन इंच पोलादाची किंमत

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, ओकिनावाची लढाई पेटली होती त्या दिवसांत, ब्रिटिशांच्या पॅसिफिक आरमारात एका अमेरिकी अधिकाऱ्याचा शेरा सगळ्यांच्या तोंडी होता. जपानी आत्मघातकी विमान अमेरिकी विमानवाहू नौकेवर आदळलं तर ती सहा महिने दुरुस्तीसाठी पर्ल हार्बरला जाते. तेच ब्रिटिश नौकेवर आदळलं तर झाडूवाल्यांना हाक मारली की झालं. हा अधिकारी संपर्कासाठी ब्रिटिश आरमारातच नेमलेला, म्हणजे डोळ्यांनी पाहून बोलणारा. ब्रिटनमध्ये हा किस्सा आजही हौसेने सांगितला जातो आणि त्यात खोटं काही नाही. फक्त झाडून साफ होणाऱ्या त्या डेकवरून विमानं किती उडत होती, ते सांगायला सहसा कोणी थांबत नाही. मार्च १९४५ मध्ये ओकिनावाच्या मोहिमेवर निघालेल्या चार मोठ्या ब्रिटिश विमानवाहू नौकांवर मिळून सव्वादोनशेच्या आतच विमानं होती. अमेरिकेच्या एसेक्स वर्गातल्या एकेका नौकेवर नव्वद ते शंभर असत.

ही तफावत कोणाच्या गफलतीने पडलेली नव्हती. लंडनमध्ये १९३६ साली ती जाणूनबुजून पत्करली गेली होती.

त्या वेळी ब्रिटिश नौदलाच्या जहाजबांधणीची सूत्रं ॲडमिरल सर रेजिनाल्ड हेंडरसन यांच्याकडे होती. हेंडरसन यांनी विमानवाहू नौकेची कप्तानी केली होती, या नौकांच्या पथकाचं नेतृत्वही केलं होतं. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा पण निरुत्तर करणारा होता : शत्रूची विमानं येताहेत हे कळणार कसं? नौकांवर रडार नव्हतं. मस्तुलावरच्या टेहळ्याला ठिपके दिसले की हाताशी काही मिनिटंच उरत. तेवढ्यात लढाऊ विमान डेकवरून उडवून बॉम्बफेक्यांच्या उंचीवर नेणं त्या काळच्या इंजिनांना जमणारं नव्हतं. अमेरिकी आणि जपानी नौदलांना हा प्रश्न तितका छळत नव्हता. त्यांची लढाई अथांग पॅसिफिकमध्ये व्हायची होती. तिथे धोका मुख्यतः शत्रूच्या विमानवाहू नौकेचा, आणि त्यावर उपाय एकच : जास्तीत जास्त विमानं घेऊन आधी आपण घाव घालायचा. ब्रिटिशांना लढायचं होतं उत्तर समुद्रात आणि भूमध्य समुद्रात. दोन्हीकडे किनारे जवळ आणि किनाऱ्यावर शत्रूचे विमानतळ. विमानतळ काही बुडवता येत नाही. तेव्हा मार बसणारच, असं धरून चालायचं आणि तो सोसेल अशी नौका बांधायची, हा हेंडरसन यांचा निष्कर्ष. हल्ला आला की विमानं खाली हँगरमध्ये न्यायची आणि वर तोफांनी किल्ला लढवायचा.

निष्कर्षाला आणखी एक गोष्ट पोषक होती, आणि तिचा उल्लेख ब्रिटिश लेखक जरा ओशाळूनच करतात. १ एप्रिल १९१८ रोजी स्वतंत्र हवाई दल स्थापन झालं तेव्हा नौदलाची विमानं आणि ती उडवणारी, सांभाळणारी पन्नास हजारांहून अधिक माणसं एका फटक्यात त्या दलात गेली. पुढची एकवीस वर्षं नौका नौदलाच्या आणि विमानं हवाई दलाच्या अखत्यारीत, असा दोन घरच्या पाहुण्याचा संसार चालला. नौदलासाठी नवी विमानं बनवून घेण्याची हवाई दलाला घाई नव्हती. त्याचा सगळा जीव लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानांत. १९३७ मध्ये सरकारने नौदलाच्या बाजूने निकाल दिला, तरी प्रत्यक्ष ताबा मिळायला मे १९३९ उजाडला. मुळात विमानंच मोजकी असताना नौकेवर छत्तीसच मावतील, हे ऐकून १९३६ मध्ये कोणाला धक्का बसणार?

इलस्ट्रियस वर्गातल्या पहिल्या दोन नौकांची मागणी जानेवारी १९३७ मध्ये नोंदवली गेली. आधीची आर्क रॉयल तेव्हा गोदीतच होती. तिच्यात एकावर एक दोन हँगर होते आणि साठ-सत्तर विमानांची सोय. नव्या नौकांचा विचारच वेगळा. हँगर म्हणजे पोलादी पेटी. तिचं छप्पर हाच फ्लाइट डेक, तीन इंच जाड, पाचशे पौंडी बॉम्ब झेलेल असा. भिंती साडेचार इंची, क्रूझरच्या सहा इंची तोफगोळ्याला पुरून उरतील अशा. आंतरराष्ट्रीय कराराने विमानवाहू नौकेचं वजन तेवीस हजार टनांवर रोखलेलं. एवढं पोलाद पाण्यापासून इतक्या उंचीवर चढवायचं म्हणजे डोक्यावर भरलेली ट्रंक घेऊन होडीत उभं राहण्यासारखं. तोल सांभाळायचा तर उंची कमी करायलाच हवी. मग दुसरा हँगर गेला. उरलेल्याची आतली उंची सोळा फूट. विमानांची संख्या छत्तीस.

पेट्रोलच्या साठ्यात तर ब्रिटिश स्वभावच दिसतो. विमानाचं पेट्रोल म्हणजे नौकेच्या पोटातला दारूगोळाच, फरक इतकाच की त्याची वाफ फटीफटीतून हिंडते. ब्रिटिशांनी ते स्वतंत्र नळकांड्यांत ठेवलं, नळकांड्यांभोवती समुद्राचं पाणी खेळवलं आणि नौकेच्या सांगाड्याला धक्का बसला तरी टाक्यांना तडा जाऊ नये अशी रचना केली. फार सुरक्षित, आणि फार जागाखाऊ. इलस्ट्रियसवर पेट्रोल मावलं पन्नास हजार गॅलन. एसेक्स वर्गातल्या नौका दोन लाखांहून अधिक नेत. अमेरिकी गॅलन लहान असतो हे हिशेबात धरलं तरी अंतर प्रचंडच राहतं. पण ज्यांनी ही काळजी घेतली नाही त्यांचं काय झालं, तेही पाहावं. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात अमेरिकेची लेक्सिंग्टन गेली ती मुख्यतः पेट्रोलच्या वाफेच्या स्फोटांनी. जपानची तायहो तर चिलखती डेकची, अगदी नवी कोरी. जून १९४४ मध्ये पाणबुडीचा एक टॉर्पेडो लागला, वाफ बंदिस्त हँगरभर पसरली आणि काही तासांनी नौका आतूनच फुटली. नुसतं पोलाद पुरेसं नव्हतं, हे ब्रिटिशांना तायहो बांधणाऱ्यांच्या आधी उमगलं होतं.

ब्रिटिश हँगर बंदिस्त होता. आग अडवायला पोलादी पडदे, वरून पाण्याचे फवारे. अमेरिकी हँगरच्या बाजू उघड्या, म्हणून तिथे विमानांची इंजिनं खालीच सुरू करून तापवता येत आणि विमान वर आलं की लगेच उडे. ब्रिटिशांना ते डेकवर आणून मग तापवावं लागे. नौका वाऱ्याकडे तोंड करून सरळ जात असते, त्या वेळी एकेक मिनिट मोलाचं.

इलस्ट्रियस मे १९४० मध्ये दाखल झाली. सहा महिन्यांत, ११ नोव्हेंबरच्या रात्री, तिच्यावरून दोन फळ्यांत निघालेल्या एकवीस स्वॉर्डफिश विमानांनी इटलीच्या तारांतो बंदरात तीन युद्धनौका निकामी केल्या. स्वॉर्डफिश म्हणजे कापडी आवरणाचं, दोन मजली पंखांचं, बैलगाडीच्या चालीचं म्हणून हिणवलं गेलेलं विमान. गमावलेली विमानं दोन. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे एवढंच पुरे की, जे साधलं ते चिलखताच्या जोरावर नव्हे, विमानांच्या.

चिलखताची परीक्षा १० जानेवारी १९४१ रोजी झाली. भूमध्य समुद्रातून माल्टा आणि ग्रीसकडे निघालेल्या जहाजांच्या ताफ्याला इलस्ट्रियस संरक्षण देत होती. दुपारी बाराच्या सुमारास दोन इटालियन टॉर्पेडो विमानं पाण्यालगत आली आणि पहाऱ्यावरची फल्मार विमानं त्यांच्या मागे खाली उतरली. त्याच वेळी सिसिलीहून आलेली जर्मन स्टुका विमानं बारा हजार फुटांवर जमत होती. ती दिसली नाहीत असं नाही. इलस्ट्रियसवर बांधणीपासूनच रडार होतं आणि त्याने त्यांना टिपलंही होतं. पण खालची विमानं वर चढेपर्यंत आणि डेकवरची उडेपर्यंत स्टुका सूर मारू लागली. काही मिनिटांत सहा बॉम्ब नौकेवर आदळले.

त्या बॉम्बांपैकी एकच तीन इंची डेक भेदून गेला. बाकीच्यांनी नुकसान केलं ते चिलखत नव्हतं तिथे : लिफ्टवर, तोफांजवळ, टोकांना. लिफ्ट हा या पोलादी पेटीचा कच्चा दुवा होता. विमान घेऊन वर-खाली करणाऱ्या लिफ्टवर तेवढं जाड पोलाद चढवता येत नव्हतं. मागच्या लिफ्टवर बॉम्ब पडला तेव्हा तिच्यावर एक फल्मार होतं. हँगर पेटला, सुकाणू निकामी झालं. कॅप्टन डेनिस बॉइड यांनी इंजिनांचा वेग कमी-जास्त करत नौका वळवत रात्री माल्टाच्या बंदरात नेली. १२६ माणसं गेली. बंदरातही जर्मनांनी पाठ सोडली नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्यावर पुन्हा पुन्हा बॉम्बफेक झाली. २३ तारखेच्या रात्री ती स्वतःच्या इंजिनांवर अलेक्झांड्रियाकडे निसटली.

दुसरी कोणतीही विमानवाहू नौका त्या दिवशी तरली असती, असं मला वाटत नाही. पण वाचली म्हणजे लढायला मोकळी झाली, असंही नाही. इलस्ट्रियस दुरुस्तीसाठी अमेरिकेत नॉरफोकला गेली आणि १९४१ चं जवळजवळ सगळं वर्ष युद्धाबाहेर राहिली. (तिथे तिचे कप्तान म्हणून लॉर्ड माउंटबॅटन यांची नेमणूक झाली होती. चर्चिल यांनी लगेच परत बोलावल्यामुळे त्यांना ती समुद्रावर न्यायला मिळालीच नाही.) इलस्ट्रियसच्या जागी आलेली फॉर्मिडेबल मे महिन्यात क्रीटजवळ स्टुकांच्या हाती सापडली आणि तीही नॉरफोकला पोहोचली. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाला रसद नेताना इंडॉमिटेबलची तीच गत. व्हिक्टोरियसवर त्याच मोहिमेत पडलेला बॉम्ब मात्र डेकवर फुटून विखुरला, आणि हेंडरसन यांचं गणित निदान एकदा कागदाबरहुकूम सुटलं. ते पाहायला हेंडरसन नव्हते. मे १९३९ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

१९३६ चा निर्णय उभा होता तो हल्ल्याची आगाऊ खबर मिळणार नाही, या पायावर. पहिली चिलखती नौका तयार झाली तीच रडार घेऊन, आणि पाया सरकला. आता शत्रू पन्नास-साठ मैलांवर असतानाच कळू लागलं. अशा वेळी उपयोग होतो वर घिरट्या घालणाऱ्या लढाऊ विमानांचा, आणि नेमकी तीच कमी. १० जानेवारीला आणखी डझनभर फल्मार वर असती तर काय झालं असतं, हा प्रश्न टाळता येत नाही. तरी हेंडरसन यांना दोष देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. नौका बांधायला जी तीन-चार वर्षं लागतात, त्यात रडारने जन्म घेऊन बाळसं धरलं होतं.

नौदलाला स्वतःची चूक उमगली नाही, असंही नाही. इंडॉमिटेबलचा आराखडा बांधणी चालू असतानाच बदलला. भिंतींचं पोलाद दीड इंचावर आणून खाली अर्धा हँगर काढला आणि दहा-बारा विमानांची जागा केली. पण जागा मिळवताना वरच्या हँगरची उंची चौदा फुटांवर आली. पुढच्या इम्प्लेकेबल आणि इनडिफॅटिगेबल या दोन नौकांत तर दोन्ही हँगर चौदा फुटी. अमेरिकेकडून आलेलं कोर्सेअर हे जबरदस्त लढाऊ विमान पंख वर दुमडून उभं केलं की सोळा फुटांहून थोडं उंच भरे. सोळा फुटी हँगरवाल्या नौकांसाठी त्याच्या दोन्ही पंखांची टोकं आठ-आठ इंच छाटली गेली. गंमत म्हणजे छाटल्यावर ते उतरताना हवेत कमी तरंगू लागलं आणि डेकवर उतरवायला जरा सोपंच झालं. चौदा फुटी हँगरमध्ये मात्र ते शिरेचना. त्या नौकांना सीफायर घेऊन लढावं लागलं. सीफायर म्हणजे समुद्रावर आणलेलं स्पिटफायर. हवेत अप्रतिम, पण चाकं जवळजवळ आणि पाय नाजूक. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोच्या किनाऱ्यावर वारा पडलेला असताना छोट्या नौकांवर उतरताना जेवढी सीफायर मोडली, तेवढी शत्रूलाही पाडता आली नाहीत.

अमेरिकनांकडून आणखी एक रीत उचलली गेली : विमानं हँगरमध्ये मावत नसतील तर डेकवरच उभी ठेवायची. उत्तर अटलांटिकच्या वादळांत वाढलेल्या अधिकाऱ्यांना ही कल्पना आधी मानवत नव्हती. पॅसिफिकमध्ये जाईपर्यंत ती अंगवळणी पडली आणि इलस्ट्रियसवरची विमानं पन्नाशीच्या पुढे गेली. पण विमान वाढलं की त्याच्यासोबत वैमानिक, मेकॅनिक, शस्त्रं भरणारे, स्वयंपाकी सगळे वाढतात. सुमारे बाराशे माणसांसाठी आखलेल्या नौकेत दोन हजारांच्या जवळपास माणसं राहू लागली. बंदिस्त पोलादी पेटी, थंड हवेसाठी केलेली वायुवीजनाची सोय आणि वर विषुववृत्ताजवळचं ऊन! पेट्रोलचा साठा मात्र तेवढाच. दोन दिवस हल्ले, मग माघारी फिरून दोन-तीन दिवस तेल भरणं, असा ब्रिटिश आरमाराचा रिवाज पडला. तेलवाहू जहाजाच्या मागे रबरी नळ धरून चालायची त्यांची पद्धत अमेरिकनांच्या मानाने मंद होती.

या आरमाराच्या वाट्याला ओकिनावा आणि फॉर्मोसा यांच्यामधली साकिशिमा बेटं आली. १ एप्रिल १९४५ रोजी इनडिफॅटिगेबलवर आत्मघातकी विमान आदळलं. चौदा माणसं गेली, पण डेक थोड्याच वेळात वापरात आला. ४ मे रोजी फॉर्मिडेबलची पाळी. डेक खचला, मधोमध दोन फुटी भोक पडलं, पोलादाचा एक तुकडा थेट बॉयलरच्या खोलीपर्यंत घुसला. आठ जण दगावले. खलाशांनी झटपट घट्ट होणारं सिमेंट खड्ड्यात ओतलं, वर पोलादी पत्रे टाकले आणि संध्याकाळपर्यंत विमानं पुन्हा उतरू लागली. आठवड्याभरात, ११ मे रोजी, अमेरिकेच्या बंकर हिलवर दोन विमानं आदळली. लाकडी डेक आणि खाली तेल भरून उभी असलेली विमानं. तिथे साडेतीनशेहून अधिक माणसं मेली. झाडूचा किस्सा जन्मला तो अशा तुलनेतून, आणि त्या शेकडो माणसांच्या बाजूने पाहिलं तर तीन इंच पोलादाची किंमत क्षुल्लक वाटते. आपल्या नव्या मिडवे वर्गाला अमेरिकेनेही चिलखती डेक दिलाच. पण त्या नौका पंचेचाळीस हजार टनांच्या. चिलखतही आणि विमानंही, ही चैन त्या आकाराला परवडते, तेवीस हजारांना नाही.

पोलादाची उरलेली किंमत युद्धानंतर चुकती झाली. चिलखती डेक हा नौकेच्या सांगाड्याचाच भाग असल्यामुळे त्याला बसलेले हादरे सगळ्या अंगाला बसले होते. इलस्ट्रियसचा मधला पंखा १९४५ मध्येच काढून टाकावा लागला, इतकी ती थरथरू लागली होती. त्यात जेट विमानं आली, उंच आणि जड. हँगरचं छप्पर उचलायचं म्हणजे नौका जवळजवळ नव्याने बांधायची. ते फक्त व्हिक्टोरियसच्या बाबतीत केलं गेलं आणि त्याला आठ वर्षं लागली. फॉर्मिडेबल १९५३ मध्ये भंगारात गेली. इंडॉमिटेबल, इनडिफॅटिगेबल, इम्प्लेकेबल आणि खुद्द इलस्ट्रियस १९५६ संपेपर्यंत मोडीत निघाल्या.

आणि ज्यांच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती त्या टिकल्या. १९४२ मध्ये ब्रिटनने हलक्या विमानवाहू नौकांचा वेगळा आराखडा काढला : व्यापारी जहाजांच्या धर्तीवर, खासगी गोद्यांनाही चटकन बांधता येतील अशा, चिलखत नाही, वेग पंचवीस नॉट, हँगर मात्र साडेसतरा फूट उंच. युद्ध संपेपर्यंत, फार तर तीन वर्षं चालल्या तरी बस, हा हिशेब. युद्धात लढायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. पुढे कोरियाच्या युद्धात त्यांनीच ब्रिटनची बाजू सांभाळली. फ्रान्स, हॉलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, अर्जेंटिना यांनी त्या घेतल्या आणि दशकानुदशकं वापरल्या.

त्यांपैकीच एक हर्क्युलिस. ऑक्टोबर १९४३ मध्ये टाइन नदीकाठी बांधणी सुरू झाली, युद्ध संपताच काम थांबलं आणि अर्धवट नौका दहा वर्षं पडून राहिली. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली आणि बेलफास्टमध्ये तिरपा डेक नि वाफेचा कॅटापल्ट बसवून पुरी करून घेतली. ४ मार्च १९६१ रोजी ती आयएनएस विक्रांत झाली. नोव्हेंबरमध्ये मुंबईत आली तेव्हा स्वागताला पंडित नेहरू होते. १९७१ मध्ये तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. वेग कमी, त्यामुळे डेकवर वाराही कमी. तशा अवस्थेत तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. समोर हवाई विरोध जवळजवळ नव्हता हे खरं. पण तीन वर्षांच्या बोलीवर आखलेल्या नौकेकडून अठ्ठाविसाव्या वर्षी यापेक्षा अधिक काय मागायचं? १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये तिथल्याच दारूखाना भागात तोडायला घेतली.

याच हलक्या नौकांच्या पुढच्या आराखड्यातली हर्मिस जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीवर फौजा उतरल्या त्या महिन्यात, बॅरोच्या गोदीत बांधायला घेतली गेली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश आरमाराची प्रमुख नौका होती. १९८७ मध्ये ती भारतीय नौदलात विराट म्हणून आली आणि ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली. चिलखती सहाजणींपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरलेली व्हिक्टोरियस १९६९ सालीच भंगारात गेली होती.